पत्र्याच्या खोलीत आईला उन्हाचा फार त्रास होतोय, पत्र्याखाली काय लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अकोल्याजवळ आमचं गाव. मागच्या खोलीवर आधी कवेलू होते, माकडं दरवर्षी फोडायची म्हणून बाबांनी वैतागून पत्रे टाकले आणि तेव्हापासून उन्हाळ्यात ती खोली नुसती भट्टी होते. मे मध्ये पारा 44-45 ला जातो, आईचा स्वयंपाक तिथेच, दुपारचं पडणंही तिथेच. कूलर लावलाय पण वरून धग येतच राहते.

या वेळी गेले तेव्हा दुपारी तीनला स्टुलावर चढून पत्र्याला आतून हात लावला, क्षणभरही टेकवता आला नाही. त्याला लागूनच असलेला सागाचा वासा तोही तापलेलाच होता पण मुठीत धरून उभी राहू शकले. लाकूड उष्णता हळूहळू सोडतं, लोखंड एकदम. मग वाटलं पत्र्याखाली असंच काहीतरी लावलं तर?

दुकानदार म्हणतो थर्माकोल लावा. त्यात जवळपास 98 टक्के हवाच असते आणि कोंडलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही, हे पटतं. पण खाली गॅस आहे, कधी फोडणीचा भडका उडाला तर थर्माकोल पेटतो, वितळून अंगावर पडतो, काळा धूर होतो, ही भीती जात नाही. भाऊ म्हणतो कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती भरून वर ठेवू, फुकटात काम. पण उंदीर होणार, आणि पावसात पत्रा गळला की कुटार भिजणार. पाणी हवेपेक्षा वीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे भिजलं की गेलंच कामातून, वर कुजका वास वेगळा.

खोली 10 बाय 12 आहे. कोणी स्वतः करून बघितलंय का? प्लीज सांगा, मार्चच्या आत करायचंय.

प्रतिसाद
ताई, स्वयंपाकाच्या खोलीत उघडा थर्माकोल अजिबात नको. आम्ही रॉकवूल टाकलं, दगड वितळवून काढलेले तंतू असतात, पेटत नाही. खाली सिमेंट शीटचं सिलिंग केलं, पत्रा आणि रॉकवूलच्या मधे चार बोटं जागा सोडली आणि दोन्ही टोकांना जाळी लावली म्हणजे गरम हवा बाहेर जाते. लावताना मास्क आणि हातमोजे घाला, अंगाला फार खाजतं. पण त्याआधी पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, ऊन वरच्यावर परत गेलं तर खालच्या थराला काम कमी. आणि गळती आधी बुजवा.

धागाकर्ती
खूप आभार दादा! रंगाचं काम याच रविवारी भावाला सांगते. एकच विचारायचं होतं, आमचे वासे जुने आहेत, दोन ठिकाणी वाळवी लागून गेलीये, सिमेंट शीटचं वजन पेलतील का? का सिलिंगसाठी लोखंडी अँगल वेगळे भिंतीत बसवून घेऊ?