परदेशी निघालेलं सोनं : जाणकारांचा अनुभव धागा

लग्नं आता एडिसनला, दुबईला, लेस्टरलाही लागतात, आणि साज-तन्मणी मात्र इथल्याच लॉकरमधून निघतात. किती न्यावं, कसं न्यावं, विमा कुठला घ्यावा, हे दर सुट्टीच्या तोंडावर नव्याने विचारलं जातं. म्हणून या वेळी रोज हेच काम करणाऱ्यांना मुद्दाम लिहायला बोलावलं आहे. विनंती एकच: कुणाच्या मावशीचं काय झालं ते नको. वजन, फॉर्म, अटी आणि घोडं नेमकं कुठे अडतं, तेवढं लिहा.

सराफी पेढी, पुणे

यादीपासून सुरुवात करतो, कारण कस्टम्स, पोलीस आणि विमा कंपनी, तिघंही शेवटी तीच मागतात. "सोन्याचा हार, १ नग" ही यादी नव्हे. नोंद अशी हवी: "कोल्हापुरी साज, २२ कॅरट, जवमणी, पानड्या २१, मधे लाल खड्याचं पदक, ढोबळ वजन ४६.२०० ग्रॅम, लाख-दोरा-खडे वजा जाता निव्वळ ३८.५०० ग्रॅम." ढोबळ आणि निव्वळ दोन्ही आकडे लिहायचेच. घरच्या कागदावर बहुतेक वेळा निव्वळ असतं, विमानतळावरच्या काट्यावर ढोबळ येतं. सात-आठ ग्रॅमचा फरक दिसला की अधिकारी म्हणतो, हा तो दागिना नव्हे. त्याचं चुकतही नाही.

नव्या दागिन्यावर एचयूआयडी असतो, म्हणजे हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा नंबर. तो जुलै २०२१ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला. भिंगातून वाचून यादीत उतरवा आणि बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर ॲपवर पडताळा. आजीच्या पाटल्यांवर तो नसणारच. त्या हॉलमार्किंग केंद्रावर शुद्धतेसाठी तपासून घ्या. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५, वर जीएसटी. अहवाल यादीला जोडा, आणि सगळ्यावर सरकारमान्य मूल्यांककाची सही-शिक्का घ्या.

फोटो चार काढा: समोरून, पाठीमागून, फासा किंवा पेच जवळून, आणि शेजारी फुटपट्टी ठेवून. यातला पाठचा सर्वांत कामाचा. समोरून सगळ्या ठुशा सारख्याच दिसतात. ओळख पटते ती मागच्या डाखेवरून, एखाद्या ठोक्यावरून, झिजलेल्या कडेवरून.

पटवेकरी (दागिने ओवण्या-गाठवण्याचं) काम, कोल्हापूर

वरच्या साजाबद्दल. ओवलेला दागिना मधेच तुटत नाही, मण्याच्या तोंडाशी तुटतो. मणी पातळ पत्र्याचा, आत लाख. भोकाची कड धारेची असते आणि हालचालीने दोरा तिथेच कातरत जातो. तपासायचं असेल तर हार सपाट टेबलावर सरळ ठेवा आणि दोन मणी बोटांनी जरासे लांब करा. मधला दोरा काळपट, केसाळ दिसला की परत गाठवून घ्यायचा. नुसता पिवळट झाला असेल आणि पीळ घट्ट असेल, तर घाई नाही. मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून मागा. सर तुटला तरी एकच मोती घरंगळतो. हे प्रवासाच्या पंधरा दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. नवा दोरा सुरुवातीला थोडा ताणतो आणि मग मण्यांत फटी दिसतात.

लाखेचा दागिना उन्हात बंद गाडीत ठेवू नका, लाख मऊ पडते आणि मणी चेपतो. मोती मलमलीत गुंडाळा आणि सोन्यापासून वेगळे ठेवा. पाटलीच्या कडेने त्यांच्यावर ओरखडे उठतात. कुड्यांच्या फिरक्यांचा एक जादा जोड बरोबर असू द्या. परदेशी दुकानात मिळणाऱ्या फिरकीचे आटे बसतीलच असं नाही.

कस्टम्स क्लिअरिंगचं काम, मुंबई

लोकांचा सगळ्यांत मोठा गैरसमज: "जाताना कुणी विचारत नाही, मग कागद कशाला?" कागद जाण्यासाठी नसतो, परत येण्यासाठी असतो. दहा तोळे घेऊन गेलात आणि तेच घेऊन आलात, तरी ते इथूनच नेलं होतं हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. त्यासाठी जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. मूल्यांककाची यादी दोन प्रतींत, फोटो, बिलं, पासपोर्ट आणि तिकीट बरोबर ठेवा. दागिने हातातल्या बॅगेत हवेत, कारण अधिकारी ते बघतो आणि यादीशी ताडतो. नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा आणि इमिग्रेशन ओलांडण्याआधी कस्टम्सचा काउंटर विचारा. पुढे गेल्यावर परत फिरणं जिकिरीचं होतं.

प्रमाणपत्र ज्याच्या पासपोर्टवर, त्याच्याच सामानात दागिने परत यायला हवेत. आईच्या नावाचा कागद आणि लेकीच्या पर्समधल्या बांगड्या, इथे गाडी अडते. मूळ प्रत सांभाळा, मोबाइलवरचा फोटो ही फक्त आठवण.

आता ४० आणि २० ग्रॅमचं. ही शुल्कमाफी एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे: बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २०. पंधरा दिवसांच्या सहलीला ती लागू नाही, हे दहातल्या आठांना माहीत नसतं. २०१६ च्या नियमांत वजनासोबत किमतीचीही अट होती, बाईला १ लाख आणि पुरुषाला ५० हजार रुपये. ग्रॅमला दहा हजार भाव धरला तर १ लाखात दहाच ग्रॅम बसतात, म्हणजे ४० हा आकडा नुसता कागदावर राहिला होता. २०२६ च्या नव्या नियमांत किमतीची अट गेली, वजन राहिलं. सवलत माणशी असते. नवरा-बायकोची बेरीज करून एकाच्या अंगावर ६० ग्रॅम आणता येत नाही. ती फक्त दागिन्यांना आहे. वळं, नाणी, बिस्किटं यांत धरू नका. तिकडे काही नवीन घेतलं असेल तर सरळ रेड चॅनल, म्हणजे शुल्काचा माल जाहीर करायची रांग. बोलून भरलेलं शुल्क, न बोलता ग्रीनमधून जाऊन झालेल्या जप्ती-दंडापेक्षा नेहमीच स्वस्त.

विमा सर्वेक्षक, ठाणे

परदेश प्रवासाचा विमा दागिन्यांसाठी नसतो. तो दवाखान्यासाठी, चुकलेल्या विमानासाठी, हरवलेल्या बॅगेसाठी असतो, आणि बॅगेच्या कलमाखाली वगळलेल्या वस्तूंत दागिने बहुतेक पॉलिसींत असतातच. लॉकरच्या विम्याचं उलटं: दागिना लॉकरबाहेर आला की संरक्षण संपलं. हवा असतो तो दागिन्यांचा ऑल रिस्क विमा (वगळलेली कारणं सोडून बाकी सगळ्या नुकसानीचा), स्वतंत्र किंवा घराच्या पॉलिसीतला एक भाग म्हणून. तो घेताना चार ओळी शोधून वाचा.

पहिली, भौगोलिक हद्द. "भारतात" लिहिलं असेल तर जादा हप्ता भरून "जगभर" करून घ्या आणि त्याचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद, हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. एजंटचा "झालंय, काळजी नको" हा मेसेज म्हणजे एन्डॉर्समेंट नव्हे.

दुसरी, किंमत. समजा १०० ग्रॅमचा सेट ग्रॅमला ५ हजार धरून ५ लाखांना उतरवला होता आणि आज त्याची किंमत १० लाख आहे. यातल्या ३ लाखांच्या पाटल्या गेल्या, तर हातात ३ लाख पडत नाहीत. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी, दीड लाख. याला ॲव्हरेजचं कलम म्हणतात आणि सगळ्यांत जास्त भांडणं यावरच होतात. प्रवासाआधी ताज्या भावाने मूल्यांकन करून रक्कम वाढवा. घडणावळ धरली आहे की नुसतं सोनं, तेही लिहून घ्या. नक्षीकामाच्या तोड्यांत हा फरक मोठा असतो.

तिसरी, वगळलेली कारणं. "मिस्टीरियस डिसअपिअरन्स", म्हणजे कुठे-कसं गेलं काहीच सांगता येत नाही असं गहाळ होणं, अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं. कुणी नसताना गाडीत ठेवलेला माल, झीज, दोरा कुजून तुटणं हेही वगळलेलं असतं. म्हणून वर दोऱ्याचं लिहिलंय ते मनावर घ्या. चौथी, जोडीचं कलम: दोन कुड्यांतली एक गेली तर एकीचेच पैसे. "उरलेली एकटी काय कामाची" हा युक्तिवाद चालत नाही.

टूर मॅनेजर, युरोपच्या सहली

चेक-इनच्या बॅगेत दागिने ठेवू नका, हे सगळे सांगतात. का, ते कुणी सांगत नाही. मॉन्ट्रियल करारानुसार विमान कंपनीची सामानाबद्दलची जबाबदारी माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक), म्हणजे सुमारे २ हजार डॉलरपर्यंतच आहे (हा आकडा २८ डिसेंबर २०२४ पासूनचा). शिवाय दागिने चेक-इन सामानात ठेवू नका, अशी बहुतेक कंपन्यांची अट तिकिटाच्या नियमांत असतेच. तरी बॅगेचं नुकसान झालं असेल तर सात दिवसांत आणि बॅग उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार लागते. विमानतळावरच्या काउंटरवरची नोंद पहिल्याच दिवशी करून टाका.

खरी चूक दारात होते. विमान भरलेलं असतं, वर जागा नसते, आणि कर्मचारी गेटवर केबिन बॅग मागतात. पाच सेकंदांत बॅग देऊन मोकळे होतात, दागिने आत. म्हणून दागिन्यांची थैली केबिन बॅगेत नकोच, खांद्याच्या छोट्या पर्समध्ये हवी आणि ती सीटखाली. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये बांगड्या सुट्ट्या टाकू नका. चेन लावलेल्या पर्समध्ये घाला, आणि पर्स पट्ट्यावर गेली की लगेच तुम्हीही फ्रेममधून जा. पुढच्याच्या बुटांनी रांग अडली असेल तर पर्स तोवर हातातच. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या अंगावरच राहू द्या. वाजलंच तर बाजूच्या खोलीत तपासणी मागता येते.

हॉटेलच्या खोलीतली तिजोरी वापरण्याआधी रिकामी बंद करा, स्वतःचा कोड टाकून. मग ००००, ९९९९, ०००००० आणि ९९९९९९ टाकून बघा. यातल्या एकाने उघडली तर कारखान्याचा मास्टर कोड कुणी बदललेलाच नाही. त्यात पासपोर्टसुद्धा ठेवू नका. आत हात घालून तिजोरी भिंतीला किंवा फळीला बोल्टने जखडली आहे का, तेही पाहा. त्यापेक्षा रिसेप्शनच्या मुख्य तिजोरीत पावती घेऊन ठेवणं बरं. इंग्लंडमध्ये १९५६ च्या कायद्यानुसार हॉटेलने ठरावीक सूचना लावली असेल तर त्याची जबाबदारी एका वस्तूला ५० पौंड आणि एकूण १०० पौंडांवर थांबते. माल हॉटेलच्या ताब्यात रीतसर ठेवायला दिला होता, किंवा हॉटेलचीच चूक होती, तर ती मर्यादा गळते. १९५६ चे ५० पौंड आजही ५०च आहेत! पावतीवर "पाकीट, १" नको. "सीलबंद पाकीट, आत सोन्याचे दागिने, यादीप्रमाणे ६ नग" असं लिहून सही घ्या.

एक ग्रॅमचे दागिने नेत असाल तर त्यांचंही बिल बरोबर असू द्या. दिसायला ते तेवढेच पिवळे असतात, आणि सांगून पटत नाही.

न्यू जर्सी

इथे राहणाऱ्यांसाठी. घराच्या किंवा भाड्याच्या घराच्या साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा बहुधा १,५०० डॉलर असते, मग एकूण विमा लाखाचा का असेना. त्यावर प्रत्येक दागिना वेगळा नोंदवून "शेड्यूल्ड" रायडर (पुरवणी विमा) घ्यायचा. साधारण किमतीच्या १ ते २ टक्के वार्षिक हप्ता, बहुतेकदा जगभर लागू, आणि वर सर्वेक्षकांनी लिहिलेलं गूढ गहाळ होणंही सहसा त्यात बसतं. मूल्यांकन दर दोन-तीन वर्षांनी नवं लागतं. इथल्या मूल्यांककाला "ठुशी" कळत नाही. "चोकर, २२ कॅरट, एवढे ग्रॅम" असं लिहून घ्या, नाहीतर तो १४ कॅरटच्या सवयीने किंमत लावतो.

भारतात जाताना अमेरिकी कस्टम्सचा फॉर्म ४४५७ करून घ्या. दागिने प्रत्यक्ष दाखवावे लागतात, अधिकारी शिक्का मारून देतो, आणि परत येताना हे इथलंच सोनं हे दाखवता येतं. पुढच्या खेपेलाही तो चालतो. पण मुंबईत याचा उपयोग नाही. तिथले नियम वेगळे.

दुबई

रोकड, सोनं आणि दागिने मिळून ६० हजार दिरहमच्या वर गेले तर येताना आणि जाताना दोन्ही वेळा जाहीर करावे लागतात. लग्नाला चार-पाच सेट घेऊन येणारे ही मर्यादा सहज ओलांडतात.

वनविभागातून निवृत्त, नागपूर

घराण्यातल्या जुन्या सोन्यात वाघनखं मढवलेलं लॉकेट, हस्तिदंती बांगडी, हत्तीच्या केसाची अंगठी असेल तर ती परदेशी नेऊच नका. १९७२ चा वन्यजीव कायदा इथे आणि धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्सचा करार सगळीकडे आहे. दागिना आजोबांचा होता हे उत्तर कुठल्याच विमानतळावर चालत नाही.

विमा सर्वेक्षक, ठाणे (पुन्हा)

चोरी झालीच तर पहिल्या दिवसाचं सांगतो. दागिना ज्या शहरात गेला त्याच शहरात पोलिसांत तक्रार करा. भारतात परतून ठाण्यात दिलेल्या अर्जाला फारसं वजन नाही. तक्रारीत तीन वेळा हव्यात: शेवटचा कधी पाहिला, कधी लक्षात आलं, मधल्या वेळात कुठे होतात. मूल्यांककाची यादी जोडा म्हणजे वजनं चुकत नाहीत. ब्रिटनमध्ये क्राइम रेफरन्स नंबर मिळतो, स्पेनमध्ये देनुन्सियाची, म्हणजे पोलीस तक्रारीची, प्रत. ती घेऊनच बाहेर पडा आणि इंग्रजीत नसेल तर पुढे प्रमाणित भाषांतर करा. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल, नुसता फोन नको. चोरी की हरवलं हे माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा. पोलिसांत "चोरी" आणि कंपनीला "बहुधा पडलं असेल" असं लिहिलं, की दावा तिथेच संपतो.

फेटाळलाच तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, आणि तिथे महिन्याभरात निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतच्या दाव्याला चालतं, पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही आणि वकील लागत नाही.