'कोलॅबरेशन'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? सहकार्य, सहयोग, समन्वय की सावड?

दिंडोरीरोड:
नमस्कार मंडळी. आमची छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे, शेजारच्या गावात तशीच अजून एक, आणि दोघांनी मिळून एकच कोल्ड स्टोरेज वापरायचं, एक्स्पोर्टला न जाणारा माल बचत गटाच्या बायकांना बेदाण्याला द्यायचा, असं ठरलंय. कराराचा मसुदा ज्यांनी करून दिला त्यांनी वर टाकलं 'सहयोगात्मक कार्यपद्धतीबाबत सामंजस्य करार'. मीटिंगमधे वाचून दाखवलं तर एक काका म्हणे, सगळं बरोबर हाय पण करायचं काय नेमकं? मी 'कोलॅबरेशन हो काका' म्हणून वेळ मारून नेली, पण डोक्यातून जाईना. सरळ मराठी शब्द सुचवा.

गोदाकाठ:
'सहकार्य' तेवढं नका घेऊ. आपल्याकडे हा शब्द बोर्डावरचा झालाय, 'रस्त्याचे काम चालू आहे, कृपया सहकार्य करावे', म्हणजे आम्ही खोदणार तुम्ही गप वळसा घालून जा. एकजण सांगतो नि दुसरा ऐकतो त्याला सहकार्य म्हणायची सवय लागलीये राव.

मोडीवाचक:
😄 अगदी. 'सहकार' पण चालणार नाही, 1904 च्या पतसंस्थांच्या कायद्यापासून त्याला सोसायटीचा वास चिकटलाय. संस्कृतात सहकार म्हणजे सुगंधी आंबा हे जाता जाता. 'संयुक्त विद्यमाने' तर पत्रिकेपुरतंच, जुन्या कागदात 'अमुक यांचे विद्यमाने' म्हणजे त्यांच्या समक्ष किंवा त्यांच्या हस्ते, आता त्याचा अर्थ झालाय दोघांचे लोगो एका बॅनरवर.

दिंडोरीरोड:
मग समन्वय? सगळे तोच सुचवतायत.

मोडीवाचक:
समन्वय मूळ शास्त्रातला शब्द. ब्रह्मसूत्रात 'तत्तु समन्वयात्' आहे ना, उपनिषदांची वेगवेगळी वाक्यं शेवटी एकाच अर्थाकडे जातात हे दाखवायचं, तो समन्वय. वाक्यं आपापल्या जागीच राहतात, मेळ फक्त अर्थाचा. ऑफिसातला समन्वयही तसाच बघा. सिंहस्थात धरणातून पाणी कधी सोडायचं ते पाटबंधारेवाले बघणार, घाट महापालिका, बंदोबस्त पोलीस, गाड्या रेल्वे नि एसटी. पोलीस काही घाट झाडत नाही आणि एसटीवाला पाणी सोडत नाही, फक्त एकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेला आडवी जायला नको. 2015 ला हेच होतं, 2027 ला पण हेच लागणार. तुमचं तसं नाहीये, तुम्ही एकाच खोलीत माल ठेवणार.

कालव्याचंपाणी:
भाऊ मी पाणी वापर संस्थेत बरीच वर्षं काढली, आमच्याकडे हा फरक रोज दिसतो. पाटबंधारे खातं पाणी मोजून एका ठिकाणी शेतकऱ्यांच्या संस्थेला देतं, त्याच्या पुढं कोणाला किती नि कधी ते संस्था ठरवते, 2005 च्या कायद्याने तसा हक्कच दिलाय. खात्याशी आमचा करार असतो, तिथं मोजमाप नि पावती, आणि आत सभासदांत पाण्याची पाळी. बाहेरच्या नात्याला नि आतल्या नात्याला एकच शब्द लावला की घोळ होतो. आमचे वडील मोसम खोऱ्यातल्या फडाच्या, म्हणजे एका पाटावरच्या शेतांच्या गटाच्या, गोष्टी सांगायचे, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, पाणी सोडणारा पाटकरी गावानेच ठेवलेला, ज्याचं त्यानं दार उघडायचं नाही. 'आमच्यात समन्वय आहे' असं कोणी म्हणत नसेल तिथं, 'पाळी आहे' म्हणायचे, संपलं.

माहेर_निफाड:
माझ्या माहेरी 'सावड' म्हणतात. आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या, बैल एकेक असले तर जोडून वापरायचे. दादा तुमच्या कोल्ड स्टोरेजला हाच शब्द बसतो बघा, कारण सावडीत परतफेड धरलेलीच असते. इर्जिक वेगळं हं, तिथं बोलावलेल्यांना पोटभर जेवण घालायचं, हिशोब नाही. (सासूबाई म्हणाल्या करारात सावड लिहू नका, लोकांना राख सावडणं आठवेल, ते पण खरंच.)

गोदाकाठ:
ताई सावड भारी! आणि 'भागीदारी' लिहू नका हो, आमचे सीए लगेच डोळे वटारतात, 1932 च्या कायद्यात भागीदार म्हणजे धंद्याचा नफा वाटून घेणारे आणि एकाने केलेलं देणं दुसऱ्याच्या अंगावर. तुम्हाला बाजूच्या कंपनीचं कर्ज नकोय ना? आणि दोन संस्थांचं फारच गूळपीठ जमलं की लोक त्याला साटंलोटं म्हणतात, ते तर सोयरिकीतलं, दोन घरांनी एकमेकांच्या मुली करायच्या.

दिंडोरीरोड:
मजा आली. आता असं करतो, शीर्षकात 'शीतगृह मिळून वापरण्याबाबत करार', आणि आत 'सहयोग' जिथं जिथं आलंय तिथं तिथं कोण काय करणार ते क्रियापदानं लिहितो, 'माल उतरवून घेईल', 'वीजबिलाचा निम्मा भाग भरेल' असं. लिहायला बसलो तर सहापैकी दोन कलमांत क्रियापदच सापडेना, नुसतं 'परस्पर सहयोगाने कामकाज पाहतील'. कोण पाहतील??

कालव्याचंपाणी:
तीच दोन कलमं आधी मिटिंगला घ्या. किल्ली कोणाकडे राहणार त्याचं एखादं कलम आहे का?

दिंडोरीरोड:
...नाहीये.