सेशेल्समध्ये शिडाच्या बोटीने बेटं फिरायची आहेत, महिना कोणता धरावा?

केळीबाग_रावेर:
राम राम मंडळी. आम्ही दोघं, माझे दोन मेहुणे आणि त्यांच्या घरच्या, असे सहा जण. कॅटामरान (दोन तळांची शिडाची बोट) भाड्याने घेऊन माहे, प्रालँ आणि ला दीग ही बेटं आठवडाभर फिरायची फार इच्छा आहे. मे-जूनला कापणी, तेव्हा बाग सोडता येत नाही. एजंट डिसेंबर म्हणतो. पोहता तिघांनाच येतं, तेही तापीत शिकलेलं. डिसेंबर बरा का? आणि कप्तान घ्यावाच लागेल का?

तांडेल_भुसावळ:
भाऊ, तिथल्या चार्टर बोटींवर मी नोकरी केली आहे. डिसेंबर नको. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा, आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊसही सगळ्यांत जास्त. एजंट प्रालँच्या ज्या आन्स लाझिओचे फोटो दाखवत असेल, तो किनारा वायव्येलाच उघडा. लाट सरळ आत येते, नांगर टाकूनही रात्रभर झोप नाही. मे ते सप्टेंबर वारा आग्नेयेचा असतो, तेव्हा हाच किनारा शांत असतो आणि ला दीगचा ग्रांड आन्स खवळलेला. म्हणून आधी वारा बघायचा, मग मुक्काम ठरवायचा. तुमच्यासाठी ऑक्टोबर उत्तम. आग्नेयेचा जोर ओसरतो, पाणी नितळ होतं.

माहे ते प्रालँ साधारण २४ सागरी मैल, ६ नॉटने (म्हणजे तासाला ६ सागरी मैल) चार तास. प्रालँ ईशान्येला, त्यामुळे दोन्ही हंगामांत वारा बाजूने मिळतो. शीड झकास भरतं, पण लाटही बाजूनेच येते. बोट लागते ती इथेच. गोळी निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही. निघा सकाळीच, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना पोहोचाल. तेव्हाच पाण्याखालचं प्रवाळ तपकिरी आणि वाळू फिकी निळी दिसते. ऊन समोरून आलं की पाणी नुसतं चमकतं, खालचं काही कळत नाही. नांगर वाळूतच टाकायचा, प्रवाळावर कधीच नाही. साखळी खोलीच्या चार-पाच पट सोडायची.

गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच. उन्हाळ्यात टँकरवर घर चालवणाऱ्या आपल्याकडच्या बायांना यात काही शिकवायला नको. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी गोडं पाणी फिरवायचं.

कप्तान घ्याच. बोट चालवण्याचं प्रमाणपत्र नसेल तर बोट तुमच्या एकट्याच्या हाती देणार नाहीत.

धुळ्याची_ताई:
दादा, आधी सगळ्यांना मुंबईला न्या. गेटवेजवळ शिडाची बोट तासाच्या भाड्याने मिळते, पावसाळा सोडून. कोणाला बोट लागते ते इथेच कळेल. आमच्याकडे यांना लागली, मला नाही! आणि पोहता येवो न येवो, लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं. नदीत पोहणाऱ्याला समुद्राच्या ओढीचा अंदाज नसतो.

केळीबाग_रावेर:
ताई, तांडेलभाऊ, फार आभार. गेटवेचं पुढच्याच महिन्यात करतो. पण आम्ही जाणार त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात येते. घरच्या म्हणतात, सणाला घर बंद ठेवायचं नाही.

तांडेल_भुसावळ:
त्यांचं बरोबर आहे. मग एप्रिल धरा, कापणीच्या आत परत याल. तेव्हा वायव्येचा वारा संपत आलेला असतो आणि आग्नेयेचा सुरू व्हायचा असतो. शीड कमी भरेल, इंजिन जास्त चालेल, तेव्हा डिझेलचा खर्च कोणाकडे हे करारात आधीच लिहून घ्या.