मदत हवी आहे: दुसरा भाग पुढे सरकतच नाहीये, वाचू का सोडू?

रावपुऱ्याची
मंडळी, जरा घाईत आहे. येत्या रविवारी आमच्या वाचनगटात दुसऱ्या भागावर मला बोलायचंय आणि पुस्तक काही केल्या पुढे जात नाहीये. पहिला भाग झपाटल्यासारखा वाचला होता, जादू शिकणारा तो पोरगा इतका आवडला की दुसरा हातात पडल्यापडल्या बाकी सगळं बाजूला ठेवून बसले, आणि यात तो नाहीच! भलतीच कोणीतरी मुलगी, तिची पूजाअर्चा, अंधार, भिंती, खाष्ट बायका. पानं उलटतेय उलटतेय, तो येतच नाही. ज्यांनी वाचलंय त्यांनी प्लीज सांगा, तुम्हाला दुसरा भाग कसा वाटला, तो येतो का, आणि येत नसेल तर सरळ तिसरा वाचून त्यावर बोलले तर चालेल का?

फतेहगंज_हॉस्टेल
ताई पुस्तक कोणतं ते तर सांगा. जादू शिकणारा पोरगा अर्ध्याअधिक फँटसीत असतो.

अलकापुरीकर
मला कळलं कोणतं ते. पॅट्रिक रॉथफस या लेखकाची मालिका. दुसरा भाग २०११ ला आला आणि तिसरा अजून आलेलाच नाही, तेव्हा तिसरा वाचून बोलायचा प्रश्नच मिटला. माझं स्पष्ट मत आहे, लेखकानं जी मालिका पूर्ण केली नाही तिच्या वाटेला जायचंच नाही. वाचक जीव लावतो आणि मग वर्षानुवर्षं ताटकळत बसतो. मी आता शेवटचा भाग छापून आल्याशिवाय पहिला विकतच घेत नाही.

फतेहगंज_हॉस्टेल
@अलकापुरीकर त्यात जवळजवळ सगळी गोष्ट हिरो स्वतःच्या तोंडानं सांगतो हो, तो गायब कुठे होतो? ते पुस्तक नसणार.

वाडीतला_काका
कोणतंही असो, दुसऱ्या भागाचं दुखणं सगळीकडे हेच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग 'द टू टॉवर्स' घ्या, अर्धं पुस्तक संपेपर्यंत मुख्य पात्रं फ्रोडो आणि सॅम दिसत नाहीत, आपण आपले घोडेस्वारांच्या मागे फिरतोय. पहिल्या भागात नवलाई असते, शेवटच्यात लढाई असते, मधल्याला काय येतं? नुसती चाल. माझा सल्ला, मधला भाग भराभर चाळायचा आणि पुढे जायचं.

फतेहगंज_हॉस्टेल
काका, ते उदाहरण इथे लागू होत नाही. टॉल्किननं ते एक सलग पुस्तक म्हणून लिहिलं होतं, प्रकाशकानं १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढलं. तो मधला भाग म्हणून लिहिलेला दुसरा भाग नाहीच मुळी.

वाडीतला_काका
वाचणाऱ्याच्या हातात तर दुसरा खंडच येतो ना? मग त्याला कंटाळा येणार तो येणारच.

रावपुऱ्याची
अहो तुम्ही भलतीकडेच निघालात. अर्थसी हो. उर्सुला ले ग्विन. दुसरा भाग म्हणजे थडग्यांचा, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन'. आता सांगा, गेड येतो का नाही?

सुरसागर_काठ
येतो. पण तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात ते सांगा, म्हणजे पुढचं फोडलं जाणार नाही. पुस्तकात बारा प्रकरणं आहेत. आणि गटात कोण कोण आहे? मोठी माणसं का मुलंही?

रावपुऱ्याची
तिसरं प्रकरण संपलं, कैद्यांचं. गटात आम्ही सातआठ बायका, दोन निवृत्त मास्तर आणि नववीतली तीन मुलं. पहिल्या भागावर एका मुलानंच बोलून झालंय आणि सगळ्यांना फार आवडलं होतं, म्हणून तर मला जास्त टेन्शन आहे. फोडलं तरी चालेल, मला रविवारच्या आत कळायला हवंय.
आणि खरं सांगू का, त्या कैद्यांपाशीच माझं वाचन अडलंय. जेमतेम चौदापंधरा वर्षांची पोर, तिला विचारतात यांना कसं मारायचं, आणि ती त्या अंधारात उभी राहून सांगते की यांना अन्न देऊ नका, पाणी देऊ नका. मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी उघडायची इच्छाच झाली नाही.

कारेलीबाग_गृहिणी
अगदी हेच माझं झालं होतं. मी तर म्हणते सोडा. मुलांसमोर असल्या पुस्तकावर बोलायचं कशाला? पहिल्यात समुद्र होता, बोटी होत्या, ड्रॅगन होता, मोकळा वारा होता. यात सगळं जमिनीखाली. जिला देवीसारखं पुजतात तिच्या वाट्याला ना आई, ना खेळ. तिसरा भाग घ्या, त्यात गेड आहे आणि त्याच्याबरोबर एक तरुण राजपुत्र आहे, जगाच्या टोकापर्यंतचा प्रवास आहे. १९७२ चं पुस्तक आहे, त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालाय.

सुरसागर_काठ
ताई, मी उलट सांगेन, आणि जोर देऊन सांगेन. सोडू नका. तुम्ही थांबलात ती जागा बरोबर ओळखलीत, या पुस्तकाची गाठ तिथेच बांधलीय. आता फक्त चौथं प्रकरण पार करा. पाचव्यात ती नेहमीसारखी खाली जाते, आणि ते तळघर असं आहे की तिथे दिवा न्यायलाच बंदी, इतकी वर्षं ती हातानं भिंती चाचपून, वळणं मनात मोजून तिथे वावरलीय. आणि त्या दिवशी खाली उजेड दिसतो. कुणाच्या तरी काठीच्या टोकाला. आणि जी गुहा तिला फक्त काळी म्हणून माहीत होती ती स्फटिकांनी लखलखतेय. आपल्या राज्यात काय आहे ते मालकिणीला पहिल्यांदा दिसतं, आणि दाखवणारा चोर आहे. पहिली चार प्रकरणं अंधारात काढल्याशिवाय हे पान लागतच नाही. मी हे पुस्तक कॉलेजात असताना वाचलं, नंतर परत वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या पानाशी अंगावर काटा आला.
आता पाण्याचं. ती त्या चोराला कोंडते. तोही मरायला टेकतो. आणि ज्या मुलीनं तिघांना पाणी नाकारलं तीच मुलगी याच्यासाठी पाणी घेऊन जाते. का जाते ते तिलाही सांगता येत नाही. तुम्ही कैद्यांचं प्रकरण गाळलंत तर हे पाणी नुसतं पाणी राहतं. रविवारी एवढं एक जरी नीट मांडलंत तरी पुरे आहे.

कारेलीबाग_गृहिणी
सगळं फोडून टाकलंत की!

सुरसागर_काठ
त्यांनी स्वतः लिहिलंय फोडलं तरी चालेल. आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे, ती मी सांगितलेली नाही.

कारेलीबाग_गृहिणी
ठीक. पण मग मला हे सांगा, शेवटी पुरुष येतो आणि बाईला बाहेर काढतो, हेच ना? एवढी ताकदवान मुलगी उभी केली आणि किल्ली दिली जादूगाराच्या हातात. मला तो भाग खटकला तो खटकलाच.

फतेहगंज_हॉस्टेल
किल्ली त्याच्या हातात नाहीच. तो त्या खालच्या शक्तींना थोपवून धरतो, पण भूलभुलैयाची वाट त्याला ठाऊक नाही, ती फक्त तिला पाठ आहे. तो एकटा असता तर तिथेच मेला असता, ती एकटी असती तर बाहेर पडायचा विचारही तिच्या मनात आला नसता. दोघं एकमेकांशिवाय सुटत नाहीत.
शिवाय लेखिकेनंच हा प्रश्न सोडलेला नाही. १९९० मध्ये चौथा भाग आला, 'तेहानू', त्यात टेनार, म्हणजे दुसऱ्या भागातली हीच मुलगी, आता मोठी बाई आहे, नवरा गेलेला, मुलं मोठी झालेली, आणि गेड आपली सगळी जादू गमावून तिच्या दारात येतो. तुम्हाला जे खटकलं त्यावर ते अख्खं पुस्तक आहे. म्हणून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: दुसरा न वाचता तिसरा बऱ्यापैकी कळेल, कारण त्यात टेनार जवळपास नाहीच. पण दुसरा न वाचता चौथा वाचाल तर हाती काही लागणार नाही.

कारेलीबाग_गृहिणी
चौथा मी वाचलेला नाही. तो वाचून मग बोलते. पण दुसऱ्याबद्दलचं माझं मत आहे तेच.

वाडीतला_काका
पुस्तक विकत घेतलंत का? नसेल तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करा. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावले आणि सगळ्या बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली, फिरती सुद्धा, पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायचे. आतली मांडणी बघण्यासारखी आहे, लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेच्या फरशा, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. लहानपणी वडिलांबरोबर जायचो तेव्हा खाली उभं राहून वर चालणाऱ्यांच्या चपलांचे तळवे बघत बसायचो. हल्लीची मुलं तिकडे फिरकत नाहीत याचं फार वाईट वाटतं. तुमच्या गटातल्या त्या तीन मुलांना एकदा घेऊन जा.

अलकापुरीकर
काका, पुस्तक त्यांच्या हातात आहे, वाचायचं अडलंय.

वाडीतला_काका
असू दे. तरी मुलांना घेऊन जा.

धारपभक्त
धागा आत्ता बघितला. जमिनीखालचं, अंधारातलं, नाव नसलेलं काहीतरी माणसाला गिळतं, हे वाचायला इंग्रजीच कशाला लागतं? नारायण धारप वाचा. त्यांच्या कथांमधला नायक समर्थ आहेच अशा शक्तींशी झुंजायला. गटात मराठी पुस्तकं घ्या, मास्तर लोकही खूश होतील.

रावपुऱ्याची
धारप आमच्या गटात होऊन गेले, धन्यवाद. सध्या हा रविवार बघू दे.
@सुरसागर_काठ काल रात्री पाचवं प्रकरण वाचलं आणि सहाव्यातही शिरले. आता ती त्याला वरून झरोक्यातून बघतेय आणि तो पाण्यावाचून भिंतीला टेकून बसलाय. आता सोडवत नाहीये. पण एक कळत नाही. हा गेड इथे आला कशाला? पहिल्या भागात तर या थडग्यांचा विषयच नव्हता. नववीतली मुलं पहिला प्रश्न हाच विचारणार.

सुरसागर_काठ
विषय होता, आपलं लक्ष नसतं. पहिल्या भागात तो त्या सावलीच्या मागावर असताना बोट फुटून एका ओसाड वाळूच्या बेटावर येऊन पडतो, तिथे एक म्हातारा आणि म्हातारी असतात, कुणाशी बोलणं नाही, लहानपणीच कुणीतरी त्यांना तिथे आणून टाकलेलं. ती म्हातारी त्याला मोडक्या कड्याचा तुकडा देते, आठवतं? तिच्या दृष्टीनं तिच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू. ते एरेथ-अक्बे या जुन्या काळच्या वीराचं कडं. दुसरा अर्धा या थडग्यांच्या खजिन्यात आहे, त्यासाठी तो आलाय. मुलांना ते पान पहिल्या भागातून काढून वाचायला सांगा, तीन वर्षांनी दुसऱ्या पुस्तकात ती म्हातारी परत येते असं म्हटलंत तरी चालेल. पहिलं १९६८ चं, हे १९७१ चं.

फतेहगंज_हॉस्टेल
आणि अजून एक मुद्दा मुलांसाठी घ्या. पहिल्या भागाची सुरुवात आठवा, गेडच्या गावावर कार्ग लोकांची धाड पडते आणि तो धुकं पाडून गाव वाचवतो. ते धाड घालणारे गोरे होते. गेड स्वतः तांबूस तपकिरी, त्याचा मित्र व्हेच तर काळा. अटुआन कार्गांच्या मुलखात आहे. म्हणजे पहिल्या भागात ज्यांना आपण नुसते लुटारू म्हणून पाहिलं, दुसऱ्यात लेखिका आपल्याला त्यांच्याच घरात नेऊन बसवते, त्यांच्या एका लेकीच्या डोळ्यांनी बघायला लावते, आणि आपला लाडका गेड तिला काळा चोर, चेटक्या वाटतो. हिरो गायब झाला म्हणून तुम्ही वैतागलात ना, मला तर वाटतं त्याला असं परक्या नजरेनं बघता यावं म्हणूनच इतका वेळ लांब ठेवलाय. २००४ मध्ये टीव्हीवर याची मालिका केली त्यात गेडला गोरा करून टाकला होता, ले ग्विननं जाहीर लेख लिहून त्यावर आक्षेप घेतला होता. मालिका मुलांना दाखवू नका.

अलकापुरीकर
मी ही मालिका वाचलेली नाही, पण वरचं सगळं वाचून घ्यावीशी वाटतेय. पूर्ण झालीय ना? किती भाग?

फतेहगंज_हॉस्टेल
पूर्ण आहे. पाच कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह, शेवटची दोन्ही पुस्तकं २००१ ची. लेखिका २०१८ मध्ये गेल्या. निर्धास्तपणे घ्या.

कारेलीबाग_गृहिणी
@रावपुऱ्याची बोलणारच असाल तर माझा मुद्दाही गटात मांडा, की काही वाचकांना हा भाग घुसमटवणारा वाटतो आणि तसं वाटण्यात चूक काही नाही. सगळ्यांनी माना डोलवायलाच हव्यात असं थोडंच आहे.

रावपुऱ्याची
मांडते, तुमचं नाव न घेता. माझंही अर्धं मत अजून तुमच्याकडेच आहे, ती खाष्ट पुजारीण कोसिल आली की मला अजूनही पान पटकन उलटावंसं वाटतं. पण आता ठरलं, तिसरा नाही, हाच घेते. कैद्यांचं पान आणि पाण्याचं पान लागोपाठ वाचून दाखवणार आणि मग आधी मुलांना बोलू देणार. कड्याचा तुकडा एका मुलाला शोधायला सांगितलाय, त्याला रात्री साडेनऊला फोन केला तर पाच मिनिटांत पान नंबर पाठवला त्यानं. उरलेली प्रकरणं उद्या दुपारी. शेवट कुणी लिहू नका आता.

वाडीतला_काका
गट कुठे भरतो तुमचा? दांडिया बाजारकडे असेल तर मी येऊन बसेन म्हणतो.