घशाची रॅपिड टेस्ट नाशिकमध्ये कुठे होते? लवकर सांगा

नासर्डीकाठ: मुलीला ३ दिवस ताप, घसा प्रचंड दुखतोय. लॅबवाले म्हणतात कल्चर करा (घशातला नमुना घेऊन जंतू वाढवून बघतात), २ दिवसांनी रिपोर्ट. १० मिनिटांत कळणारी स्ट्रेपची, म्हणजे घसा धरणाऱ्या त्या जंतूची, टेस्ट असते ना? इंदिरानगरच्या आसपास कुठे होईल? थुंकी गिळतानासुद्धा मान वाकडी करते पोर, बघवत नाही.

सायखेडकर: वय किती? सर्दी-खोकला आहे का?

गंगापूररोडवासी: सरळ सीआरपी (रक्तातून सूज कळण्याची टेस्ट) करून घ्या. आमच्या मुलाचं त्यातच कळलं होतं.

सायखेडकर: नाही हो, सीआरपी व्हायरलमध्येही वाढतो. टॉन्सिलवरून नीट फिरवलेला स्वॅबच हवा.

नासर्डीकाठ: वय ७. खोकला नाही, नाक कोरडं. मोबाईलच्या उजेडात पाहिलं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत.

आजीचा बटवा: ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्या. यंदा निफाडकडून वारं फार बोचरं येतंय, कान बांधत जा.

पिंपळगावची ताई: मी लॅबमध्ये काम करते. हे किट लॅबपेक्षा बालरोगतज्ज्ञांकडे मिळण्याची शक्यता जास्त, दवाखान्यांना फोन लावा. पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी असते. निगेटिव्ह आली तर मुलांमध्ये कल्चरही करतात, कारण १०० पैकी साधारण १५ केसेस रॅपिडमधून निसटतात. अँटिबायोटिक काही दिलंय का?

नासर्डीकाठ: काल रात्री अझिथ्रोचा एक डोस. मागची बाटली उरली होती.

पिंपळगावची ताई: अहो, हे आधी सांगायचं! डॉक्टरांना पहिलं हेच सांगा. एका डोसनेही कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. आणि पाण्यात कालवलेलं सिरप उरवून ठेवू नका, ते टिकत नाही.

गंगापूररोडवासी: आमच्याकडे अझिथ्रोनेच ३ दिवसांत पोरगा खेळायला लागला.

सायखेडकर: खेळायला लागला म्हणजे जंतू गेले असं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर स्ट्रेपला अमॉक्सिसिलिन, तेही पूर्ण १० दिवस. माझ्या मावशीच्या हृदयाची झडप लहानपणी दुर्लक्ष केलेल्या घशापायीच गेली. पण घाबरू नका, दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध चालू झालं तरी संधिवाताचा ताप (त्यातूनच झडप खराब होते) टाळता येतो. कल्चरसाठी थांबावं लागलं तरी चालेल.

पिंपळगावची ताई: लाळ गळत असेल, तोंड उघडता येत नसेल किंवा श्वासाला आवाज येत असेल तर मात्र टेस्ट शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

नासर्डीकाठ: तसं काही नाही. कॉलेज रोडला एका दवाखान्यात किट आहे, निघालोय. बाटली सोबत घेतली आहे.