चौथ्या सीटवरून मारहाण: हिंसेचे मूळ गर्दीत असते का?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

सात बेचाळीसची जलद

गेल्या आठवड्यात विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये नालासोपाऱ्याला विशीतला एक मुलगा चढला आणि आमच्या समोरच्या तिघांच्या बाकावर कडेला, म्हणजे चौथ्या सीटला, टेकला. ती जागा रोजच्या ग्रुपने भाईंदरला चढणाऱ्या मित्रासाठी राखून ठेवली होती. दोन-तीन शब्दांची देवाणघेवाण झाली आणि पन्नाशीच्या एका गृहस्थांनी त्याच्या कानाखाली लगावली. मुलाचा चष्मा खाली पडला, त्याची एक काडी निखळली आणि तो लोकांच्या पायांमधून ती शोधत राहिला. दोघांनी मोबाईल काढले. बाकीचे खिडकीबाहेर पाहू लागले, त्यांत मीही होतो. दहा मिनिटांनी त्याच गृहस्थांनी डब्यात साखरफुटाण्यांचा प्रसाद वाटला आणि मी हात पुढे केला.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. माणसे इतकी दाटीवाटीने राहू-फिरू लागली म्हणून ती हिंसक होतात, की गर्दी हे केवळ निमित्त आहे? आणि अशी मारहाण रोज पाहणाऱ्यांचे काय होते?

लालबागचा जुना रहिवासी

दाटीवाटीचेच म्हणाल, तर आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत नऊजण राहिलो. त्या चाळीत हिंसा नव्हती असे मी म्हणणार नाही. बंद दारामागून येणारा आवाज सगळ्या मजल्याला ऐकू येत असे आणि सकाळी नळावर त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे २.५ लाख कामगारांच्या घरची चूल अडचणीत आली. त्यानंतर गिरणगावातली काही मुले टोळ्यांकडे वळली हे खरे आहे, पण बेकारीने माणूस गुंड होतो हे सरधोपट विधान मला पटत नाही. आमच्या मजल्यावरच्या मुलांपैकी कोणी टॅक्सी चालवली, कोणी हमाली केली, बायकांनी खाणावळी चालवल्या, आणि एकच जण ‘भाई’कडे गेला. तो उपाशी होता म्हणून गेला नाही. वडिलांना मुकादमाने सर्वांदेखत हाकलले होते आणि भाईच्या मागे उभे राहिल्यावर तोच मुकादम त्याला नमस्कार करू लागला. ज्या मुलाला मान मिळवण्याचा दुसरा रस्ता दिसत नाही, त्याला हा रस्ता फार जवळचा वाटतो.

आता गर्दीविषयी. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. काही हल्लेखोरांच्या हातात दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या, अशी नोंद या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. नुसत्या भडकलेल्या गर्दीला यादी लागत नाही. उलट १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींत होरपळलेली, यंत्रमागांच्या दाट वस्तीची भिवंडी त्या वेळी शांत राहिली, कारण १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या आणि दोन्ही समाजांतली माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत होती. दाटी तिथेही होतीच.

रुग्णालयातील समुपदेशक

लालबागच्या काकांनी सांगितलेल्या बंद दारापासून पुढे लिहिते, कारण माझे काम त्या दाराच्या अलीकडे सुरू होते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले ते याच कारणाने की मार खाल्लेली बाई पोलिसांच्या आधी दवाखान्यात येते. ती ‘बाथरूममध्ये घसरले’ असे सांगते, पण वळ असतात हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत, म्हणजे तोंड वाचवायला हात वर केला की जिथे मार बसतो तिथे.

नवऱ्याचे कारण ठरलेले असते: दारू चढली होती, भान राहिले नाही. ज्याचे भान गेले आहे, तो साहेबावर किंवा नाक्यावरच्या हवालदारावर हात उचलत नाही, आणि बायकोला मारतानाही पुष्कळदा बाहीखाली झाकले जाईल असेच मारतो. हे भान सुटणे नव्हे. कोणाला मारले तर चालते याचा हा पक्का हिशोब आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीची हिंसा सोसली आहे. त्या डब्यातल्या गृहस्थांनीही मुलगा एकटा आहे आणि ग्रुप आपला आहे हे आधी पाहिले असणार.

पाहणाऱ्यांचे काय होते, हे मुलांमध्ये लवकर दिसते. आईबरोबर येणारी काही मुले अंथरूण ओले करतात, काही शाळेत इतरांना मारतात. मला जास्त धास्ती वाटते ती अगदी शहाण्या मुलांची: कोणता पाय आधी वाजला म्हणजे बाबा आज कसे आहेत, हे ती जिन्यावरून ओळखतात.

कोपऱ्यातला वाचक

मोबाईल काढणाऱ्यांविषयी थोडेसे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अफवेला वेग मोबाईलने दिला, हे मान्य. पण मारण्यासाठी निवडले गेले ते गावात ज्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते तेच. कोणाला मारले तर चालते, हा समुपदेशक ताईंनी सांगितलेला हिशोब तिथेही लागू पडतो.

सात बेचाळीसची जलद

ताई, मग त्या क्षणी मी काय करायला हवे होते? त्या गृहस्थांशी भांडलो असतो तर बहुधा मलाही दोन बसल्या असत्या.

रुग्णालयातील समुपदेशक

मारणाऱ्याशी भांडायची गरज नव्हती, दादा. मार खाणाऱ्याजवळ जाऊन उभे राहायचे, त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, नाव विचारायचे, चष्म्याची काडी शोधू लागायचे. तो एकटा नाही एवढे दिसले, तरी दुसरा हात उचलला जाण्याआधी पुष्कळदा थबकतो.

सात बेचाळीसची जलद

काल तो मुलगा पुन्हा त्याच डब्यात दिसला. चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली होती. मी सरकून चौथी सीट मोकळी केली आणि त्याला ‘ये, बस’ म्हटले. त्याने आधी ग्रुपकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अंधेरीपर्यंत तो दारातच उभा राहिला.