मदत हवी आहे: शेजारच्या ले-आउटने ओहोळ बुजवला, पाणी द्राक्षबागेत तुंबते, मामलेदार न्यायालयात दावा करावा का?

नमस्कार मंडळी.

नाशिकहून दिंडोरी रस्त्याने म्हसरूळ ओलांडून पुढे आले की आमचे शिवार लागते. वडिलोपार्जित अडीच एकर जमीन असून त्यातील दीड एकरात थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. गेल्या काही वर्षांत आजूबाजूचे गट एकामागून एक बिनशेती होत गेले. शहरातील घरे नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली, त्यात समृद्धी महामार्ग आणि २०२७ च्या सिंहस्थाचे नाव सांगून भाव चढले, आणि एकट्याने द्राक्ष करणे परवडेनासे झालेल्या शेजाऱ्यांनी जमिनी दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. माझी अडचण फक्त एका ओहोळाची आहे.

आमच्या वरच्या तीन-चार गटांचे पावसाचे पाणी या ओहोळाने आमच्या बांधावरून खालच्या गटात उतरते आणि पुढे नाल्याला मिळते. खालच्या गटात आता प्लॉट पडले आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे मुरमाचे हायवा (डंपर) सुरू झाले. ओहोळ ज्या ठिकाणी त्यांच्या हद्दीत शिरत होता, तेथे आज सुमारे पाच फूट उंच भराव आहे, त्यावरून ले-आउटचा रस्ता गेला आहे आणि खाली जेमतेम एक फूट व्यासाचा सिमेंटचा नळा टाकलेला आहे. जुलैच्या झडीत तो नळा गाळाने आणि पाचटाने बंद झाला व पाणी मागे फिरून बागेत शिरले. खालच्या चौदा ओळींत अकरा दिवस पाणी होते. ओसरल्यावर मी खोडाजवळची माती उकरून पाहिली, तेव्हा पांढरी, म्हणजे नवी कार्यक्षम मुळी कुठेही दिसली नाही. हाताला आलेल्या तपकिरी मुळांची साल बोटांत सुटत होती आणि मातीला आंबूस वास येत होता. त्या ओळींची ऑक्टोबर छाटणी (फळछाटणी) घ्यावी की नाही, हेही आता ठरवता येत नाही.

विकासकाला दोनदा समक्ष भेटलो. ‘आमचा नकाशा मंजूर आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

मी जे वाचले त्यानुसार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतजमिनीवरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा अडथळा काढून टाकण्याचा आदेश तहसीलदार (म्हणजेच मामलेदार) देऊ शकतात, मात्र तो अडथळा कायदेशीर अधिकाराशिवाय उभारलेला असावा लागतो आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. माझे घोडे नेमके येथेच अडले आहे. मंजूर ले-आउटमधील रस्ता हा ‘कायदेशीर अधिकाराने’ केलेला भराव मानला जातो का, की मंजुरी केवळ रस्त्याची असते आणि ओहोळ बुजवण्याची नसते? आणि सहा महिने मे महिन्यातील भरावापासून मोजायचे की जुलैत पाणी शिरले तेव्हापासून? मेपासून मोजले तर माझ्या हातात नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, म्हणजे जेमतेम महिनाभर उरला आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. गट नकाशावर ओहोळाची रेघ स्पष्ट आहे. खालच्या गटाच्या जुन्या सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) वर्ग ‘ब’ चे क्षेत्रही आहे. पोटखराब ‘ब’ मध्ये सार्वजनिक वापराचे रस्ते, ओढे, नाले धरले जातात, म्हणून हा कागद मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या जोडीला तातडीची मोजणी आणावी, की ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा पंचनामा पुरेसा ठरतो? असा दावा ज्यांनी स्वतः चालवला आहे त्यांचा अनुभव मला वकिलाच्या सल्ल्याइतकाच मोलाचा आहे.

तिसरा प्रश्न रेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या स्थावर संपदा कायद्याचा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ३१ मध्ये ‘बाधित व्यक्ती’ तक्रार करू शकते असे आहे. मी प्लॉटधारक नाही, शेजारचा शेतकरी आहे. मला या व्याख्येत धरतात का? हे विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. बुजवलेल्या पात्रावर तीन प्लॉट आखलेले दिसतात. घेणारी मंडळी बहुतेक सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार आहेत. त्यांपैकी एक गृहस्थ दर रविवारी पत्नीला घेऊन येतात आणि प्लॉटच्या कोपऱ्यावर लावलेल्या कडुनिंबाला घरून कॅनमधून आणलेले पाणी घालतात. ते ओहोळाच्या ऐन पात्रात घर बांधणार आहेत. त्यांना हे कोणत्या शब्दांत सांगावे, तेही मला सुचवा.

भर: दोघांनी विचारले म्हणून लिहितो. भरपाई हा माझा पहिला आग्रह नाही. त्या जागी पुरेशा रुंदीची मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) बांधून मिळाली आणि ओहोळ ले-आउटच्या नकाशावर दाखवला गेला, तर मी दावा करणार नाही. भराव पडण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह माझ्याकडे आहेत. दाव्याच्या अर्जाचा मसुदा कोणाकडे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून पाठवावा.